सिंधुदुर्गावर मारलेली हाक

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एक म्हातारे गुरुजी आमच्या मळ्यावर आले आणि बांधावर बसत म्हणाले, "आता समुद्रबी आपल्याच राज्यात आला. एकदा जाऊन पाहून तरी यावं."

वाशीमच्या वेशीबाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मेथी, कोबी. बाजाराच्या दिवशी गाडी भरून माल जायचा. रिठदहून लग्न होऊन मी या घरात आले त्याला फार दिवस झाले नव्हते. गुरुजींनी तरुणपणी कोकणात शाळा शिकवली होती आणि आता त्यांनी मनात एकच घेतलं होतं. इकडची माणसं गोळा करायची, मुंबईहून आगबोटीनं खाली उतरायचं, मग तिथं शिडाचा मचवा ठरवायचा आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं किल्ले पाहत मालवणपर्यंत जायचं. दिवसा पाण्यावर राहायचं आणि मुक्कामाला रोज जमिनीवर यायचं.

माझ्या सासऱ्यांनी, त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, मोटेचे बैल थांबवून हे सगळं ऐकलं. "मी येतो," एवढंच बोलले. सासूबाई म्हणजे आत्याबाई घरातून ओरडल्या, "मंग मीबी येते. तुमाले एकट्याले कोन सांभाळीन?" आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्यांना उजेड आणि सावली यापलीकडे फारसं दिसत नसे. मग त्यांना कोण सांभाळणार, हा प्रश्न आला आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

माझा नवरा मळ्यासाठी मागं राहणार होता. निघायच्या सकाळी त्यानं मला गोठ्याजवळ गाठलं. "बाबाकडं ध्यान ठेवजो," तो म्हणाला. "पानी दिसलं का तेले कशाचंच भान राह्यत नाई. कोनाची बी विहीर दिसली का वाकून पाह्यते. अन् आईचा हात सोडू नको." मी मान हलवली. एक माणूस पाण्याकडे ओढला जाणारा, दुसरं पाणीही न दिसणारं, आणि मी दोघांच्या मधे. वाशीमच्या ठेसनावर गाडीत चढतानाच मी आत्याबाईंचा दंड धरला आणि डोळे मामाजींच्या फेट्यावर ठेवले.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या धक्क्यावर. मी खरं तर पाहिलाच नाही. गर्दीत मामाजींचा फेटा शोधण्यातच माझे डोळे गुंतलेले. ते खाली पायऱ्यांवर जाऊन बसले होते. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन त्यांनी थुंकून टाकलं आणि मागं वळून आत्याबाईंना म्हणाले, "एवढं पानी, अन् एक वाफा भिजत नाई याच्यानं!" त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. कुणीतरी वारल्याची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

आगबोट मोठी होती, माणसांनी भरलेली होती, तिच्यावर फार भ्यायला झालं नाही. मचव्याचं तसं नव्हतं. मचवा म्हणजे लाकडाची एक ओंजळच. वर शिडाचं कापड, खाली आम्ही, आणि हात खाली सोडला तर बोटांना पाणी लागेल इतका समुद्र जवळ. तांडेल, म्हणजे मचव्याचा मुख्य माणूस, सुकाणूवर पाय टेकून बसायचा आणि त्याची बोली आम्हांला निम्मीच कळायची. गुरुजी उभे राहून किनाऱ्यावरचे किल्ले दाखवायचे. हा अमक्यानं बांधला, इथं तोफा होत्या, इथून परदेशी जहाजांना अडवायचे. वाशीमची माणसं माना वर करून ऐकत आणि मधूनच कठड्यावरून ओकत. आत्याबाई माझं मनगट धरून बसायच्या. मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ राहत.

"किनारा दिसते काय वं?" त्या विचारायच्या.

"दिसते ना, आत्याबाई."

एका सकाळी धुकं उतरलं आणि किनारा पुसल्यासारखा नाहीसा झाला. चारी बाजूंनी नुसतं पांढरं. तेव्हाही त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, "दिसते. झाडं बी दिसून राह्यली." त्या शांत झाल्या. मी मात्र कठडा घट्ट धरून बसले होते.

असे मुक्काम करत आम्ही मालवणला पोचलो. सिंधुदुर्ग पाहण्याचा दिवस उजाडला तेव्हा हवा चांगली होती. मचवा किल्ल्यापासून थोडा लांब खडकांच्या बाहेर उभा राहिला आणि लहान होडीनं आम्हांला थोडे थोडे करून दरवाजापाशी नेलं. तांडेलानं गुरुजींना बजावून सांगितलं, "दुपारी वारो फिरतलो. त्याच्या आधी निघाक व्हया." दुपारी वारा फिरायच्या आत निघायचं, हे गुरुजींनी आम्हांला आमच्या भाषेत सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. मामाजींनीही ऐकलं असणार.

किल्ल्याच्या आत गेलो आणि गुरुजी म्हणाले, "चारी बाजूंनी खारं पानी, अन् आत गोड्या पान्याच्या विहिरी हायेत." मी चटकन मामाजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे असे झाले होते, जसे मळ्यात नवीन झरा लागल्यावर होतात. पहिल्या विहिरीचं पाणी त्यांनी चाखलं. दुसरीचं चाखलं. तिसऱ्या विहिरीशी बराच वेळ वाकून दगडांची बांधणी पाहत राहिले. नंतर गुरुजी आम्हांला देवळाकडे घेऊन गेले. तिथं चौथऱ्याच्या पायऱ्या उंच होत्या, म्हणून मी आत्याबाईंना दोन्ही हातांनी धरून चढवलं, देवापुढं बसवलं, त्यांचा पदर नीट केला. मागं वळून पाहिलं तर मामाजी नव्हते.

आधी वाटलं, बाहेर असतील. बाहेर नव्हते. तिन्ही विहिरींपाशी धावत गेले, तिथंही नव्हते. परत आले तेव्हा माणसं दरवाजाकडे निघाली होती. माडांच्या झावळ्या एकाएकी दुसऱ्या बाजूला झुकू लागल्या होत्या.

आत्याबाईंना धरून दरवाजापाशी आले, तिथं तांडेल उभा होता. पाणी सकाळचं राहिलं नव्हतं. खडकांवर आपटून उडत होतं. "वारो फिरलो," तो म्हणाला. "खय गेलो म्हातारो? मचवो खडकावर जायत."

आमच्यातल्या एका कापडवाल्यानं आवाज चढवला. "एका मानसापायी साऱ्यायचा जीव घालता काय? किल्ल्यात लोकं राह्यतात. ते राह्यतीन इथंच. उद्या घेऊन जाऊ."

गुरुजी एकदा पाण्याकडे पाहत, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात आत्याबाई दरवाजातल्या दगडावर मांडी घालून बसल्या. "मानूस मांगं टाकून मी जात नाई," त्या म्हणाल्या. "तुमी जा. मी बसली इथं." त्यांचा आवाज अजिबात कापला नाही. त्यांना फेसाळलेलं पाणी दिसत नव्हतं म्हणून असेल, किंवा दिसलं असतं तरी त्या तशाच बसल्या असत्या.

शेवटी ठरलं ते असं, की बाकीच्यांना होडीनं मचव्यावर पोचवायचं आणि मचवा बंदराच्या आडोशाला न्यायचा. गुरुजी आत्याबाईंपाशी थांबणार. त्यांनी होडीत पाय ठेवला नाही, हे मी कधी विसरले नाही. मला म्हणाले, "तू पाहून ये बापा. माह्याच्यानं पळनं होत नाई."

मी पळाले. आता सांगताना सोपं वाटतं, पण तेव्हा मला एक भलतीच अडचण आली. मला हाक मारता येईना. आमच्या घरात सून सासऱ्यांपुढं मोठ्यानं बोलत नसे. काही सांगायचं असलं तर आत्याबाईंमार्फत सांगायचं, नाहीतर दाराआडून. लग्न झाल्यापासून मी मामाजींशी सरळ फारसं काही बोललेच नव्हते. मी झाडांमधून धावत होते आणि हाक घशाशी येऊन परत जात होती.

एक बाई अंगणात मासळी वाळत घालत होती. तिला मी हातवारे करून फेटा दाखवला. "फेटोवालो म्हातारो? थय गेलो, पडक्या बावडेकडे," तिनं समुद्राच्या बाजूच्या तटाकडे हात केला.

तिकडे गवत कमरेएवढं होतं. मी तटावर चढले, वरून दिसेल म्हणून. दिसलं ते वेगळंच. आमचा मचवा शीड फुगवून निघालेला. इतका लहान दिसत होता, आणि आम्ही त्यात नव्हतो. खाली लाटा तटावर आदळत होत्या, पायाखालचा दगड हादरत असल्यासारखं वाटत होतं. मला एकदम वाटलं की मामाजी या बाजूनं खाली पाण्यात पडले असतील. डोक्यावरून सुटलेला पदर मी तसाच सोडला आणि जेवढा जीव होता तेवढा लावून ओरडले, "मामाजी! मामाजी वो!"

लाटांच्या आवाजात काही ऐकू येईना. मी पुन्हा ओरडले. रडत होते की ओरडत होते, माझं मला कळत नव्हतं. मग गवतातून, अगदी जवळून, खोल आवाज आला. "इथं हावो मी."

ती एक ढासळलेली विहीर होती, आत उतरायला पायऱ्या असलेली. मामाजी निम्म्यात एका ओल्या पायरीवर बसले होते. पाय घसरून घोटा मुरगळला होता आणि हंडीसारखा सुजला होता. फेटा सोडून त्यांनी तो घोट्याला गुंडाळला होता.

"मामाजी, हाक काहून नाई मारली तुमी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कोनाले मारू? तिले ऐकू गेलं असतं त ती आंधळी कुठं पडली असती कोन जाने. अन् तुह्यं नाव घेऊन मी कधी हाक मारली नाई. तोंडातच येईना."

मी खाली उतरले. शेवाळानं माझाही पाय सरकत होता. त्यांना हात लावायचा कसा, या विचारात मी क्षणभर थांबले, आणि तेही थांबले. मग मी त्यांचा हात उचलून माझ्या खांद्यावर घेतला. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. एवढा बैल आवरणारा माणूस, पण त्याचा सगळा भार माझ्यावर आला तेव्हा कळलं, की ते माझ्याइतकेच भ्यालेले आहेत. "हळू," ते म्हणत होते, "हळू, पोरी, तू पडशीन." मासळीवाली बाई मागून आली होती. तिनं दुसरा हात धरला आणि आम्ही त्यांना वर काढलं.

दरवाजापाशी पोचेपर्यंत माझा खांदा बधिर झाला होता. आत्याबाईंनी पावलांच्या आवाजावरूनच ओळखलं. "लंगडून राह्यले तुमी," त्या म्हणाल्या, आणि मग इतका वेळ बसून राहिलेली ती बाई ओक्साबोक्शी रडायला लागली.

तांडेल लहान होडी घेऊन स्वतः परत आला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. लाट वर आली की होडी दरवाजाच्या पायरीला लागायची आणि लगेच खाली जायची. त्या मधल्या वेळात मामाजींना उचलून आत टाकलं, मग आत्याबाईंना. पलीकडे जाईपर्यंत दोनदा पाणी आत आलं. गुरुजी आपल्या टोपीनं ते उपसत होते. मी आत्याबाईंचं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं आणि डोळे मिटले होते. होडी वाळूला घासली तेव्हाही उघडले नाहीत. "बाय, इलो गे किनारो," तांडेल म्हणाला, तेव्हा उघडले.

मालवणात एका हाडवैद्यानं मामाजींचा पाय बांधला. मोडला नव्हता, पण टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. परतीचा समुद्रप्रवास बाकीच्यांनी केला. आम्ही तिघं घाटावरून मोटारीनं, मग गाडीनं, परत निघालो. वाटेत मामाजी पाण्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कसा होता समुद्र?" तर आत्याबाईंनीच सांगायला सुरुवात केली. लाटा केवढ्या, शीड कसं, किल्ला कसा काळा. त्यांनी न पाहिलेलं सगळं त्या सांगत होत्या आणि ते बरोबर होतं. मी भाकरी थापत होते. मला अजूनही चूल डोलल्यासारखी वाटत होती. पुढे बरेच दिवस तसंच वाटत राहिलं. मळ्यात मोटेचं पाणी पाटात पडलं की मी हातातलं काम टाकून मामाजी कुठं आहेत ते पाहायचे.

पुढच्या हिवाळ्यात गुरुजी पुन्हा मळ्यावर आले. या वेळी त्यांच्या मनात दुसरा किनारा होता, आणखी खालचा. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "माह्यं नाव लिवा." मामाजी काठी टेकत बांधापर्यंत आले. गुरुजींकडे न पाहता, आत्याबाईंनाही न विचारता, त्यांनी सरळ मला विचारलं, "तू काय म्हनतं वं?"

मी डोक्यावरचा पदर सारखा केला. हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"मले जराक विचार करू द्या, मामाजी," मी म्हटलं, आणि तेही म्हणाले, "हाव, कर."