दूधभातावरचं मांजर

आमची मांजर सोळा वर्षं जगली. एवढं सांगितलं की लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात आणि मी विषय बदलते.

करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये येण्याआधी आम्ही पनवेल गावात, बैठ्या घरात राहत होतो. तिथे मांजरं पाळावी लागत नसत, ती आपणहून येऊन राहत. तीन वर्षं, फार तर चार. एक ट्रकखाली गेलं, एकाला कुत्र्यांनी धरलं, एक बोका फिरायला म्हणून गेला तो गेलाच. आम्ही दोन दिवस हळहळायचो, तोवर नवं पिल्लू मागच्या दारी हजर असायचं. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नाही, त्यामुळे सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ दूधभात. त्यावर ती अशी गुटगुटीत होत की नवरा पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचा, "बघा, शुद्ध शाकाहारी मांजर." उंदीर, पाली, शेजारच्या ओट्यावरची माशांची डोकी हा बाहेरचा कारभार आम्ही हिशेबात धरला नाही. श्रेय सगळं दूधभाताचं.

फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच वर्षी ही पार्किंगमध्ये सापडली. तळहातावर मावेल एवढी, काळी-पांढरी. ह्या वेळी मी ठरवलं, हिला तसं जाऊ द्यायचं नाही. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळ्या बसवल्या, लसी दिल्या, पिल्लं होऊ नयेत म्हणून वेळेवर ऑपरेशन करून घेतलं. दार उघडताना आधी पाय आडवा घालायचा, ही सवय आम्हा दोघांना लागली. रस्ता नाही, कुत्री नाहीत, मारामाऱ्या नाहीत. आणि ताटलीत अर्थातच दूधभात.

आमच्या मजल्यावर एक मासेवाली यायची. कोळीण, माझ्याच वयाची, लिफ्टनं टोपली घेऊन वर येई आणि समोरच्यांकडे वाटे मांडून बसे. मांजर आमच्या जाळीच्या दारामागून नाक लावून बघत राही. एकदा मासेवालीनं मला विचारलं, "हिला मासली नाय देत काय गो बाय?"

"नाही हो मावशी. आमची दूधभातावर वाढलीय."

"मांजर हाय ना ती? का बकरी हाय?"

मी हसले. नुसती हसले नाही, आत जाऊन नवऱ्याला तिची नक्कल करून दाखवली. तोही हसला. एकदा भाचीनं मांजराच्या खाण्याचं पाकीट आणलं होतं, त्यावरचं बारीक अक्षर त्यानं चष्मा लावून वाचलं आणि दोन बोटांत धरून ते तिला परत केलं. आम्ही काही दुष्ट माणसं नव्हतो. आपल्याला जे चांगलं ते तिलाही चांगलं, इतकंच आम्हाला कळत होतं.

ती चार वर्षांची असताना तिचे डोळे फार सुंदर दिसायला लागले. भर दुपारीसुद्धा काळेभोर, मोठे. येणारा-जाणारा म्हणे, काय डोळे आहेत! मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. मग एक दिवस तिनं खिडकीतून सोफ्यावर उडी मारली आणि ती वीतभर अलीकडे पडली. दुसऱ्या दिवशी मी हलवलेल्या स्टुलावर ती सरळ जाऊन आदळली.

पनवेलमधल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या आक्रसल्या नाहीत. छातीला बराच वेळ नळी लावून त्यांनी विचारलं, "खायला काय देता?" मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी नळी काढून ठेवली. मग म्हणाल्या, मांजराच्या शरीराला एक गोष्ट लागते, ती त्याला स्वतःला पुरेशी तयार करता येत नाही, मांसमच्छीतूनच घ्यावी लागते. ती मिळाली नाही की डोळ्यांचा पडदा जातो आणि हृदय ढिलं पडतं. हृदय अजून सुधारेल. नजर परत येणार नाही.

"तुम्ही घरात ठेवलीत, लसी दिल्यात, ऑपरेशन केलंत, हे सगळं आयुष्य वाढवणारं आहे," त्या म्हणाल्या. "अशी मांजरं पंधरा वर्षं सहज काढतात. फक्त दार बंद केल्यावर तिचं पोट तुमच्या हातात आलं."

मला लाज वाटली. गावातली ती उकिरडा धुंडाळणारी मांजरं चार वर्षांत मरत होती, पण मरेपर्यंत त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मासेवाली आली तेव्हा दार नवऱ्यानंच उघडलं आणि खाली बघत म्हणाला, "थोडी मांदेली द्या." तिनं वाटा मोजून दिला. वर दोन जास्त टाकली. गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं आलं. हा माणूस नाकाला रुमाल बांधून, बिनमिठाची मांदेली उकडून काटे काढायचा, मग आंघोळ करायचा. ताटली ठेवली की तिच्या काठावर नखानं दोनदा वाजवायचा. ती आवाजाच्या रोखानं यायची. सोबत डॉक्टरीणबाईंचं औषध होतंच. हृदय सावरलं. बारा वर्षं आम्ही एकही खुर्ची जागची हलवली नाही.

ती गेली म्हातारपणानं, मूत्रपिंडं थकून, झोपेत. त्या आठवड्यात मासेवाली दाराशी आली, तेव्हा मी तिला सांगितलं.

"सोळा वर्सं? आमच्याकडं चार काढली तरी लय. नशिबाची होती."

इतकी वर्षं मी तिला एक गोष्ट बोलले नव्हते. ती आता बोलून टाकली. "मावशी, तुम्ही सांगितलं तेव्हाच ऐकायला हवं होतं. तिचे डोळे वाचले असते."

ती टोपलीवर फडकं नीट घालत राहिली. रागानं नाही, सहज म्हणाली, "मी परत सांगनार होते. पन तुमी हसलात ना गो बाय, म्हनून नाय बोलले."