खंडेरावांना आलेले वैराग्य

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. थंडी वाढली. नळाला पाणी उशिरा आले. खालच्या मजल्यावरच्या खंडेरावांच्या पाया पडायला सकाळीच बायका आल्या. एकीने केळी आणली.

खंडेराव अंबडच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. इमारतीसमोर कोणी गाडी आडवी लावली की त्यांचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. गणपतीनंतर मात्र ते गप्प झाले. अर्ध्या भाकरीवर उठू लागले. दाढी वाढली. हत्यारांची जिवापाड जपलेली पेटी त्यांनी एका रिक्षावाल्याला देऊन टाकली.

शेजारच्या वत्सलाबाईंनी निदान केले, "वैराग्य आलंय! संसारातून सुटला माणूस."

पंचवटीत जन्म गेल्यावर दुसरे काय सुचणार? दाढीवाला माणूस गप्प बसलेला दिसला की इथे हात आपोआप जोडले जातात.

त्याच दुपारी त्यांच्या पत्नी झुंबरबाई माझ्याकडे वर आल्या. "मावशी, लोक म्हणत्यात, नशीब काढलं. पण हा माणूस लसणाची चटणी खात नाय! कळवणचा माणूस साधू झाला तरी चटणी सोडंल का?" मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "काल म्हणला, मी नसलो तरी तुझं भागंल."

ते ऐकून मी तशीच खाली गेले. खंडेराव गॅलरीत बसले होते, समोर केळी.

"खंडेराव, बरं वाटत नाही का?"

"काहीच वाटत नाही, मावशी."

"मग पाया कशाला पडू देता?"

"पाय मागे घ्यायलासुद्धा जोर लागतो."

मला हसू आले, पण विचारायचे ते विचारलेच. "जीव द्यावासा वाटतो का?"

ते केळ्यांकडे बघत म्हणाले, "सकाळी जागच येऊ नये, असं वाटतं."

"हा आजार आहे. उद्या डॉक्टरकडे जायचं."

"वेड्यांच्या?"

"मनाच्या. गुडघा दुखला की हाडांच्या डॉक्टरकडे जातो ना, तसंच."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. झुंबरबाईंनी ते होच धरले आणि त्या रात्री त्यांच्याजवळच बसून राहिल्या.

मंगळवारी आम्ही तिघे रिक्षात बसतो आहोत तोच वत्सलाबाई धावत आल्या. "महाराजांना कुठं नेताय?"

"डॉक्टरकडे."

"अगंबाई! मग मीही येते. ह्यांना काही झालेलं नाही, हे त्या डॉक्टरला कोणीतरी सांगायला नको?"

त्यांना उतरवायचे तर ढकलावे लागले असते, आणि आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरनी ते शिकवले नव्हते. खंडेराव रिक्षावाल्याशेजारी अर्धे बाहेर लटकले.

डॉक्टर तरुण मुलगी होती. "काय होतंय, काका?" तिने विचारले.

वत्सलाबाई पुढे सरसावल्या. "समाधी लागते त्यांना."

"समाधी कसली डोंबलाची!" खंडेराव ओरडले. "झोप लागत नाही मला! कशातच जीव लागत नाही. आणि ही बया रोज येऊन पायांवर डोकं टेकते!"

आणि ते हमसून हमसून रडू लागले. झुंबरबाईंनी त्यांचा हात धरला. डॉक्टरने मला आणि वत्सलाबाईंना बाहेर बसायला सांगितले.

बाकावर वत्सलाबाई माझ्याजवळ सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमचे हेसुद्धा हल्ली फार शांत झालेत हो. मला वाटलं, माझ्या उपासांचं फळ."

तासाभराने ते दोघे बाहेर आले. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर ह्यांना एकटे सोडायचे नाही आणि गोळ्या झुंबरबाईंनीच द्यायच्या, असे डॉक्टरने बजावले होते. पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावले होते.

"याल ना?" मी विचारले.

"येईन," खंडेराव म्हणाले. "पण वेगळ्या रिक्षाने."

संध्याकाळी मी रोजनिशीत लिहिले : खंडेरावांच्या गोळ्या झुंबरबाईंनी कुलपाच्या कपाटात ठेवल्या. किल्ली कमरेला.