सामानापाशी कोण?

आमच्या घरी कुठंही जायचं ठरलं की यादी मी करते आणि बोलणीही मीच खाते. भाचीची दहावी झाली आणि तिनं टुमणं लावलं, की कोकणात कुंडलिका नदीवर राफ्टिंगला जायचं. म्हणजे रबरी होडीत बसून खळाळत्या पाण्यातून खाली यायचं. यवतमाळच्या उन्हात वाळलेली आम्ही माणसं, बादलीभर पाण्यात आंघोळ उरकणारी! पण मी वही उघडली. भाची सोळाची, आई सदुसष्टची, आत्या एकसष्टची, भाऊ पंचेचाळीसचा आणि पोटानं त्याहून मोठा. कोणाला बीपी, कोणाचा गुडघा, कोणाला गाडी लागते, सगळं लिहिलं. शेवटची ओळ हातानं आपसूक लिहिली: 'सामानापाशी – आत्या.'

ही ओळ माझ्या जन्माआधीपासूनची. आत्याचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. ती बोरी अरबला एकटी राहते आणि ब्लाऊज शिवते. पायमशीन जमत नाही, म्हणून चाळीस वर्षं हातमशीनचं चाक फिरवतेय. जत्रा असो की धबधबा, आम्ही सगळे पुढे पळायचो आणि आत्या पिशव्या-चपला राखत बसायची. परत आलो की आम्हालाच पाणी द्यायची. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही, याची आता लाज वाटते.

त्या दिवशी आत्या आमच्याकडे आली होती. तिनं वही मागितली, चष्मा लावून यादी वाचली आणि वही मिटली.

"मी नाही बसत सामानापाशी," ती म्हणाली. "मी होडीत बसतो." आमच्याकडे बायाही 'बसतो'च म्हणतात.

भाऊ उसळला. "काही झालं तं लोक मले विचारतीन, आत्या!"

"तुले पोहता येते?"

"नाही."

"मंग तू कायले चालला?"

मी राफ्टिंगवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, पोहता आलं नाही तरी चालतं, जॅकेट असतं. पण होडीच्या काठावर बसून पाय होडीतल्या आडव्या रबरी फुग्याखाली घट्ट अडकवावा लागतो. एका पायावर जमेल का, ते इथं आल्यावर आमचा माणूस बघून सांगेल. म्हणजे धामणगाव स्टेशनवरून रेल्वे पकडून एवढ्या लांब जायचं, आणि तो 'नाही' म्हणाला की आत्या पुन्हा पिशव्यांपाशी.

आत्यानं मुक्काम आमच्याकडे हलवला. रोज सकाळी अंगणात गाद्या गुंडाळून सुतळीनं बांधायच्या, त्यावर बसायचं आणि खराट्याच्या दांड्यांनी हवा वल्हवायची. भाची 'फॉरवर्ड', 'बॅक' ओरडायची. आई दोन्हीला मागेच जायची. शेवटी आत्यानंच फर्मान काढलं, "इंग्रजी बंद. 'समोर' अन् 'मांगं' म्हण!" शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काहून व, गाद्या वाळवून राह्यल्या का?" आत्या उजवा पाय दोन गाद्यांच्या फटीत खुपसून बसायची. भाऊ तिला पाडायला बाजूनं ढकलायचा. पहिल्या दिवशी ती पडली. पाचव्या दिवशी तो पडला.

नदीवरच्या माणसानं आधी तिच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजींना इथंच बसवूया का?"

"आजी कोणाले म्हणून राह्यला रे?" आत्या म्हणाली. "होडी दाखव."

काठावरच्या होडीत तो तिला घेऊन बसला, पाय अडकवायला लावला आणि होडी गदागदा हलवली. ती हलली नाही. मग त्यानं वल्ह्याचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "ओढा." चाळीस वर्षं मशीनचं चाक फिरवलेला हात तो. गडी सरकत तिच्या मांडीपर्यंत आला.

"या मधे बसतील, माझ्यासमोर," तो म्हणाला. मी काठावरच रडले. आईनं मला दटावलं आणि स्वतःही पदर डोळ्यांना लावला.

पहिली लाट अंगावर आली तशी आई तेहतीस कोटींना हाका मारू लागली. भाऊ थेट होडीच्या तळाशी. आत्यानं वल्हं काखेत मारलं, त्याच्या जॅकेटची पट्टी धरून त्याला वर ओढलं आणि ओरडली, "समोर! सगळे समोर!" तो माणूस 'फॉरवर्ड' म्हणायचं सोडून हसत बसला. आम्ही मात्र तिच्या आवाजावर हात मारत राहिलो. लाटेमागून लाट आली, आणि दर लाटेला ती पोरीसारखी किंचाळली. तिचा तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

परतलो तेव्हा ती नखशिखांत भिजलेली. निघताना सामान राफ्टिंगवाल्यांच्या ऑफिसच्या खोलीत ठेवलं होतं, कुबडी टेकत ती सरळ तिथं गेली. कुलूप उघडलं तर आमच्या पिशव्या ठेवल्या तशाच होत्या, चपलासुद्धा जोडीनं. आत्या त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि मग इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

"पाह्य व," ती मला म्हणाली, "कोणीच नव्हतं, तरी काही झालं नाही सामानाले. मंग इतके साल मी कायले बसत होतो?"