ब्रेकखालचा हात

मंदाकिनी केणी गाडी शिकवायला बसण्याआधी रस्त्यावर गुडघे टेकते. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडते, खाली वाकते आणि ब्रेक, क्लच, अॅक्सिलरेटरच्या खाली उजवा हात पार कोपरापर्यंत घालून चाचपते. पलंगाखाली गेलेली कानातल्याची फिरकी शोधावी तसं. तिथे काही नसतं. पायपुसणं उचलून पुन्हा नीट बसवते, हात बाहेर काढून रिकामा तळवा एकदा बघते आणि मग म्हणते, "बसा ताई."

देवापुढेसुद्धा तू इतकी वाकत नसशील, असं मी तिला एकदा चिडवलं होतं. ती नुसती हसली. माझा राग नाकावर आणि जीभ त्याच्याही पुढे, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मी तिच्याकडे गाडी शिकायला गेले ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी. आमच्या ह्यांचे गुडघे गेले, आणि गाडी बिल्डिंगखाली धूळ खात पडली. ठाण्याला डॉक्टरकडे जायचं म्हणजे दर वेळी रिक्षावाल्यांच्या विनवण्या. एक दिवस वैतागून म्हटलं, मीच शिकते. आमच्या डोंबिवलीत ड्रायव्हिंग स्कूलं पुष्कळ, पण शिकवणारी बाई एकच. शेजारणी म्हणाल्या, जा, पण तिच्या गाडीत जरा विचित्र वाटतं हां. काय विचित्र, ते कुणी सांगेना.

पहिला आठवडा तिने मला नुसतं गाडीभोवती फिरवलं. प्रत्येक टायर अंगठ्याने दाबून बघायचा, त्यावरची नक्षी झिजली आहे का ते बोटाने पाहायचं. गाडीखाली तेलाचा ओला डाग आहे का बघायचा. पुढचे दिवे, इंडिकेटर, काचेवरचं पाणी, वायपर. मागचा लाल दिवा ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाही, म्हणून ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारून विचारायची, "लागला काय रे?" तो कपड्यांवरून मान न काढताच "लागला, लागला" म्हणायचा. मग ती त्याला मागे वळून खरंच बघायला लावायची.

"मी गाडी चालवायला आलेय, प्रदक्षिणा घालायला नाही," मी शेवटी भडकले.

"ताई, टेस्टला साहेब हेच विचारतात. निघायच्या आधी काय काय बघणार, सांगा. तिथे तत-पप नको."

आत बसल्यावरही सुटका नव्हतीच. सीट, तिन्ही आरसे, पट्टा, हॅंडब्रेक, गिअर न्यूट्रलला. गाडी सुटली की चार हातांवर पुन्हा ब्रेक. "आधी थांबता येतंय का ते बघायचं. जायचं मग," ती म्हणायची. शिकवणीच्या गाडीत डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तिचा पाय त्याच्यावर असायचा आणि मला त्याचा मोठा आधार वाटायचा.

एकदा आम्ही कल्याण-शीळ रस्त्यावर होतो. मला नुकताच तिसरा गिअर जमायला लागला होता आणि मी मनातल्या मनात स्वतःवर खूश होते. अचानक गाडी गचकन थांबली. मी काहीच केलं नव्हतं. ब्रेक तिने दाबला होता. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"ऐकलंत?" तिने विचारलं. तिचा आवाज फार हळू होता.

"काय?"

"घरंगळलं काहीतरी. तुमच्या सीटखालून."

गाडी कडेला घेऊन आम्ही दोघी उतरलो. भर उन्हात, ट्रक अगदी जवळून जात असताना, ती सीटखाली हात घालत होती. काही नव्हतं. मी तिला बोल बोल बोलले. असं मधेच थांबवलंस तर मागचा येऊन आदळेल, कुणाचा तरी जीव जाईल, वगैरे. तिचा चेहरा पाहून माझं तोंड आपोआप बंद झालं. ती घाबरली होती, आणि ज्याला घाबरली होती ते ट्रक नव्हते.

त्यानंतर असं आणखी दोनदा झालं. मला राग यायच्या ऐवजी भीती वाटायला लागली, हे कबूल करायला हवं. घरी ह्यांच्या गाडीत नुसती बसले तरी मी कान टवकारून बसायची.

मंदाकिनीची मुलगी रुचिता फिजिओथेरपिस्ट आहे. ह्यांच्या गुडघ्यांचे व्यायाम घ्यायला तीच आमच्याकडे यायची. मोहन्यापासून ठाण्यापर्यंत तिचे पेशंट पसरलेले, आणि पोरगी बस-रिक्षा करून अर्धी व्हायची. एक दिवस मला म्हणाली, "काकू, तुमचं ऐकेल ती. आईला सांगा ना मला शिकवायला. दोनदा लर्निंग लायसन्स काढलं, दोन्हीची मुदत संपली. अख्ख्या डोंबिवलीला शिकवते, मला नाही शिकवत."

"मग दुसरीकडे शिक की."

"नाही. मला आईकडूनच शिकायचंय." एवढं बोलून ती ह्यांचा गुडघा वाकवायला लागली, आणि जरा जास्तच वाकवला.

मला असल्या भानगडीत नाक खुपसायला आवडतं. त्याच संध्याकाळी मी मंदाकिनीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि सरळ विचारलं. ती बोंबील साफ करत होती. हात थांबले नाहीत, पण मान खाली गेली. मग तिने जे सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिचं माहेर खाडीकाठचं, मासेमारी करणारं. त्यांच्याकडे होडीच्या पुढच्या टोकाशी अख्खा नारळ लाल फडक्यात बांधून ठेवायचे. तो वर्षभर फोडायचा नाही, तो होडीची राखण करतो. नवऱ्याचं नाव उत्तम, ड्रायव्हिंग स्कूल त्याचंच. त्याने नवी गाडी घेतली, तेव्हा दसऱ्याला हिने पूजा केली. एक नारळ फोडला आणि दुसरा लाल फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या सीटच्या मागे, खाली ठेवला. उत्तम म्हणाला, मंदा, हा घरंगळेल. ती म्हणाली, शुभाच्या गोष्टीत बोलू नये. होडीला ब्रेक नसतो, हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच निघाला, डावीकडचा, शिकवणाऱ्याचा ब्रेक बसवून घ्यायला. शीळफाट्याच्या उतारावर पुढे कंटेनर उभा होता." तिने हातातला बोंबील पाण्यात टाकला. "ब्रेकखाली नारळ मिळाला, ताई. नुसता नारळ. फडकं नव्हतंच."

मी म्हटलं, गाठ सुटली असेल.

तेव्हा मात्र तिने मान वर केली. "आम्ही जाळी बांधणारे. माझी गाठ पाण्यात भिजली तरी सुटत नाही. फडक्याची दोन्ही टोकं मी सीटच्या खालच्या दांड्याला आवळून बांधली होती. दोन्ही टोकं! आणि मग पुऱ्या तळायला घरात गेले, ती परत गाडीकडे फिरकलेच नाही. कुणी सोडली गाठ? कोण होतं त्या गाडीत?"

स्वयंपाकघरात दिवा होता, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, तरी माझ्या अंगावर काटा आला.

"ते जे कोण आहे ना, ते गेलेलं नाही," ती म्हणाली. "मला ऐकू येतं. रुचिता स्टिअरिंगवर बसली आणि ते आलं तर? तिचा बाप नेलाय त्याने."

मी एवढंच म्हटलं, की पोरगी आज ना उद्या शिकणारच. दुसऱ्या कुणाच्या गाडीत, जो ब्रेकखाली हात घालणार नाही, त्याच्याकडे शिकेल. तुला ते चालेल का? हे वाक्य जरा क्रूर होतं, पण लागू पडलं.

रुचिताने तिसऱ्यांदा लर्निंग लायसन्स काढलं. मंदाकिनीने तिला टायर, दिवे, आरसे सगळं शिकवलं, पण ब्रेकखालचा हात शिकवला नाही. रुचिता खाली यायच्या आत ती स्वतःच तो घालून मोकळी व्हायची. पोरीने कधी विचारलं नाही. मागच्या सीटवरून मी हे बघायची आणि मला वाटायचं, दोघीही एकाच गोष्टीला वळसा घालून चालल्यात.

टेस्ट आमची दोघींची एकाच दिवशी लागली, कल्याणला. माझी आधी झाली. कशी झाली ते विचारू नका, पास झाले एवढं पुरे. रुचिताचा नंबर यायला वेळ होता, म्हणून आम्ही तिघी मैदानाच्या कडेला झाडाच्या सावलीत गाडी लावून उभ्या होतो. साहेब पलीकडच्या गाडीत कुणाची तरी टेस्ट घेत होते.

"आता सगळं तू करायचं," मंदाकिनी म्हणाली. "साहेब बघतील. मी हात लावणार नाही."

रुचिताने टायर दाबले, वाकून गाडीखाली पाहिलं, दिवे लावले, बाहेर उभ्यानेच एक पाय आत घालून ब्रेक दाबला. मी मागे जाऊन लाल दिवा बघितला आणि "लागला" म्हणून ओरडले. मग ती सीटवर बसायला लागली.

"थांब," मंदाकिनी म्हणाली. तिला ते बोलायला फार जड गेलं. "खाली हात घाल. ब्रेकच्या खाली. काही आहे का बघ."

रुचिता गुडघ्यांवर बसली. हात आत घातला. आणि तशीच राहिली. पाठ आमच्याकडे, डोकं सीटला टेकलेलं. मला वाटलं काहीतरी सापडलं तिला.

"रुचे?" मंदाकिनी पुढे झाली. "काय आहे? काय लागलं हाताला?"

"फडकं मी सोडलेलं, आई."

"कधी?" मंदाकिनीने विचारलं.

"दसऱ्याला. तू आत पुऱ्या तळत होतीस. मी गाडीत खेळत होते. बाहुलीला साडी नेसवायला लाल कपडा पाहिजे होता." ती लहान मुलीसारखं अडखळत बोलत होती. "गाठ सुटत नव्हती. मी दाताने सोडली. नारळ तिथेच ठेवला. मला वाटलं, राहील. मी दुसरीत होते, आई. कितीदा सांगायचं ठरवलं, तू गाडीतच बसू द्यायची नाहीस. मला तुला गाडीतच सांगायचं होतं. मीच मारलं ना बाबांना?"

पलीकडे साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. रुचिताचं नव्हतं.

मी मंदाकिनीकडे बघत होते. इतकी वर्षं ती जे विचारत आली, कोण होतं त्या गाडीत, त्याचं उत्तर तिच्या समोर गुडघे टेकून रडत होतं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, ते मला आजही विसरता येत नाही. मग ती खाली बसली, पोरीचा हात ब्रेकखालून हळूच बाहेर काढला आणि तिच्या ओढणीने पुसला.

"वेडी आहेस का? ते मला माहिती होतं."

रुचिताने मान वर केली.

"रात्री दिवा ठेवायला गाडीकडे गेलेले मी. नारळ मोकळा दिसला. घरातलं दुसरं फडकं आणून बांधला. घाईत बांधला, सैल. तुझ्या बाबांनी मला सांगितलेलं, नीट बांध म्हणून. गाठ माझी सुटली, बाळा. तू कुठे आलीस त्याच्यात?"

"खरं?"

"देवाशपथ." ती क्षणभरही अडखळली नाही.

ती त्या रात्री गाडीकडे फिरकलीच नव्हती. ब्रेकखाली नुसता नारळ होता, फडकं नव्हतंच. हे सगळं मला तिनेच सांगितलं होतं, बोंबील साफ करता करता. मी तोंड उघडलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. एवढी माझी जीभ, पण मी ती गिळली.

रुचिता किती रडली! छातीवरचा डोंगर उतरल्यासारखी रडली. मग तोंड धुतलं, साहेबांनी नाव पुकारलं तेव्हा ताठ चालत गेली, सगळं न चुकता सांगितलं आणि पहिल्या फटक्यात पास झाली.

घरी येताना गाडी तिनेच चालवली. पत्रीपुलापाशी गर्दी होती, तरी पोरगी हसत होती, बडबडत होती, पेढे कुठले घ्यायचे ते ठरवत होती. मी मागे बसले होते. मधेच तिने विचारलं, "आई, तुला तो आवाज यायचा ना गं? काकू म्हणाल्या होत्या. आता नाही ना येत?"

"नाही गं. कुठे?" मंदाकिनी म्हणाली.

मी पुढे वाकून पाहिलं. गाडी चालू असताना कधी पापणी न लवणारी ती बाई, डोळे घट्ट मिटून बसली होती.