एल्विनचा नवा सूर

एल्विन निकलची होडी लुनेनबर्ग बंदराच्या बाहेर बुडाली. तो आणि त्याचा जोडीदार वाचले, पण एल्विनचा अकॉर्डियन समुद्राच्या तळाशी गेला. वडिलांचा होता तो. भाच्याने नवा आणून दिला, तर एल्विनने त्याचं खोकंही उघडलं नाही.

त्याची बायको व्हर्ना माझी शेजारीण. जन्मभर मुलांना पियानो शिकवला तिने. त्या हिवाळ्यात तिने कॉम्प्युटरवर आवाज घडवायचा प्रोग्रॅम घेतला आणि त्याला पियानोसारख्या पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड जोडला. स्क्रीनवर उभ्या रेघांची रांग दिसायची.

"ही पहिली रेघ म्हणजे मूळ सूर," तिने मला दाखवलं. "दुसरी त्याच्या दुप्पट वेगाने थरथरते, तिसरी तिप्पट. कुठली किती उंच काढायची ते आपण ठरवायचं. सगळ्या मिळून जी लाट होते, तो आपला आवाज."

तिने सम आकड्यांच्या रेघा पुसल्या. सूर एकदम पोकळ झाला, क्लॅरिनेटसारखा. मला गंमत वाटली, पण तिला हवा होता सासऱ्यांच्या अकॉर्डियनचा आवाज. रोज रेघा वरखाली करायची आणि वैतागायची.

एका संध्याकाळी एल्विन स्वयंपाकघरात मासे तळत होता. तिथून ओरडला, "अगं, बाजा घडवतेस की दाताच्या डॉक्टरचं यंत्र?"

"मग ये ना इकडे! काय चुकतंय ते सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कान आहेत ना? की तेही बुडाले?"

बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली. मी खाली पाहत बसले. एल्विनने गॅस बंद केला, हात पुसत आला.

"शेवटच्या रेघा खाली घे. बाबांचा बाजा इतका किरकिरा नव्हता." मग तिच्या हातातला माउसच घेतला. तिसरी रेघ चढवली, शेवटच्या जवळजवळ पुसल्या. व्हर्नाने तोच सूर किंचित चढवून जोडीला लावला, तेव्हा आवाज थरथरायला लागला.

"आलं जवळ?" तिने विचारलं.

एल्विनने बराच वेळ ऐकलं. "नाही. तो नाहीच हा. तो आता मिळायचा नाही, व्हर्ना."

ती रडायला लागली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"पण वाईट नाहीये. असू दे हा," तो म्हणाला, आणि उजव्या हाताने कीबोर्डवर वॉल्ट्झची एक धून वाजवायला लागला. बोटं अडखळत होती, तरी थांबला नाही.

वसंतात चर्चच्या जेवणाला तो कॉम्प्युटर आणि कीबोर्ड घेऊन आला. म्हाताऱ्या बर्पी झ्विकरने विचारलं, "हे कुठलं वाद्य रे?"

"अजून बारसं व्हायचंय," एल्विन म्हणाला आणि त्याने पोल्का नाचाची धून सुरू केली. पहिली नाचायला उठली ती व्हर्नाच.