दहा कोसांचा फेरा

वेल्ह्याकडची जुनी माणसं अजूनही सांगतात, की ज्ञानूनं धोंडाबाईच्या मयताचा सांगावा शेवटी नेलाच. हे साफ खोटं आहे. ज्ञानू माझा बाप. त्यानं तो सांगावा नेला नाही, आणि काय झालं ते कोणीतरी नीट लिहून ठेवायला हवं, म्हणून मी बसले आहे. मी भोरच्या शाळेत तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. चुकीचं वाक्य तसंच सोडून देणं मला जमत नाही.

सांगावा म्हणजे निरोप, पण आमच्याकडं तो शब्द बहुतेक मरणासाठीच वापरत. गावात कोणी गेलं, की दिलेल्या लेकींच्या गावी जाऊन सांगायचं काम, तेव्हा ज्याला महारवाडा म्हणत त्या आमच्या वस्तीचं. माझ्या बापाच्या वाट्याला डोंगर आला होता. पहाटे निघायचं, तोरण्यावर चढायचं, बुधला माचीवरून उतरून राजगडाकडं जाणारी डोंगराची धार धरायची, वाटेतल्या धनगरवाड्यांना सांगत पलीकडं भुतोंड्यात उतरायचं आणि खिंडीतून परत वेल्ह्याच्या बाजूला यायचं. दहा कोसांचा फेरा. साध्या माणसाला त्याला दोन दिवस लागत. बाप दिवेलागणीच्या आत घरी असे, तोही अनवाणी. चढावर तो कधी पळत नसे. ‘चढाला दम राखायचा, उताराला पाय,’ एवढंच त्याचं शास्त्र होतं.

हातात घुंगराची काठी असे. तिचा आवाज आला, की अंगणातल्या बायका कामं टाकून उभ्या राहत. बाप अंगणाच्या कडेला थांबून मेलेल्याचं नाव सांगे आणि वळे. त्याला पाणी विचारायची रीत नव्हती. फारच तहान लागली, तर कोणी वरून ओंजळीत धार सोडे. आठ तास पळणाऱ्या माणसाला ओंजळभर पाणी, तेही मागितलं तर. याचा मला अजून राग येतो आणि तो गेलेला मला नकोही आहे.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच बैठकीत ठरलं, की मेलेली ढोरं ओढायची नाहीत आणि मयताचा सांगावा न्यायचा नाही. बापानं काठीची घुंगरं काढून नदीत टाकली. काठी ठेवली, कारण डोंगरात काठी लागते.

चौसष्टच्या श्रावणात पाटलांची आई, धोंडाबाई, पहाटे गेली. बाजीराव पाटील उजाडता उजाडता भर पावसात आमच्या दाराशी आले. यापूर्वी ते वस्तीत कधी आले नव्हते. मी नऊ वर्षांची होते, चुलीपाशी बसून ऐकत होते.

“ज्ञानू, आई गेली.”

“लई वाईट झालं, पाटील.”

“अंबूला सांगाया पायजे. ओढा भरलाय, खिंडीची वाट बंद हाय. धारेवरनं जायाला तुज्याबिगार कोन हाय? म्या हुकूम करत न्हाई. इनंती करतोय.”

अंबूबाई ही त्यांची बहीण, भुतोंड्याला दिलेली. सांगावा गेला नाही, तर तिला आईचं तोंड दिसणार नव्हतं. बापाला हे पाटलांइतकंच कळत होतं.

“दुसरं कायबी सांगा. लाकडं फोडतो, ओढ्याला दोर लावतो. पन सांगावा न्हाई. आज म्या नेला, तर उद्या माज्या पोरीला न्यावा लागंल.”

“मग तोंड न बघता माती हुईल. ते तुज्या माथी,” असं म्हणून पाटील गेले.

बाप त्या सकाळी जेवला नाही. माझी आई, फुलाबाई, पाण्याला गेली होती, ती घाईनं परत आली. “मानसिंग एकलाच डोंगरावर गेलाय,” ती म्हणाली. मानसिंग म्हणजे पाटलांचा थोरला मुलगा, एकोणीस वर्षांचा.

“कवा?”

“तुमी न्हाई म्हनलासा, त्याच्या मागनंच.”

बापानं काठी उचलली. तो सांगावा न्यायला निघाला नव्हता, हे मी इथं ठासून लिहिते. बुधल्याच्या खाली दोन वाटा फुटतात. धुक्यात उजवीकडची जास्त मळलेली दिसते, पण ती गुरांची आहे आणि कड्यावर जाऊन संपते. नवखा माणूस तीच धरतो. ही खूण आमच्या वस्तीबाहेर कोणाला ठाऊक नव्हती, कारण त्या वाटेनं जायची पाळी दुसऱ्या कोणावर कधी आलीच नव्हती.

त्या दिवशी बाप चढावरही पळाला. पुढचं त्यानं मला दोन-तीन वेळाच सांगितलं, आणि मानसिंगनं बऱ्याचदा. सगळीकडं धुकं होतं, निसरडं होतं, हातभर पुढचं दिसत नव्हतं. बुधल्याखाली हाक मारल्यावर खालून ओ आली. मानसिंग पुरुषभर खाली कारवीच्या दाटीत अडकला होता. डाव्या पायाचा घोटा मोडला होता. आणखी दोन हात पुढं गेला असता, तर सापडलाच नसता.

बापानं त्याला वर ओढलं, कारवीच्या काठ्या लावून स्वतःच्या पागोट्यानं पाय बांधला.

मानसिंग रडत म्हणाला, “ज्ञानू, मला ऱ्हाऊ दे. तू फुडं जा, आत्याला सांग.”

“तुजा सांगावा तूच सांगायचा,” बाप म्हणाला. “बस पाठीवर.”

तिथून मागं तोरणा चढायचा किंवा पुढं धारेनं भुतोंड्यात उतरायचं. माणूस पाठीवर घेऊन चढ निघाला नसता. बाप पुढं निघाला. दोन कोस त्यानं त्या जवान पोराला पाठीवर नेलं. जिथं धार हातभर रुंद होती, तिथं तो बसून सरकला. मानसिंग सांगायचा, की बाप वाटेत एक शब्द बोलला नाही, आणि त्याला मात्र सारखी बापाच्या छातीची धडधड आपल्या हातांना लागत होती. लहानपणापासून ज्याला शिवायचं नाही म्हणून शिकवलं, त्याच माणसाच्या गळ्यात आपण हात घातलेत, हे त्याला खूप उशिरा जाणवलं म्हणे. मला वाटतं, तेवढा उशीर बरा.

दिवस कलताना ते अंबूबाईच्या अंगणात पोचले. या खेपेला काठी वाजली नव्हती, त्यामुळं कोणी बाहेर आलं नव्हतं. बापानं मानसिंगला ओट्यावर टेकवलं आणि स्वतः तोंड मिटून उभा राहिला.

“आत्या, आजी गेली,” मानसिंग म्हणाला.

अंबूबाई ओट्यावरच बसली आणि रडली. बायका जमल्या. मानसिंगचा पाय कोणीतरी मांडीवर घेतला. तो आकांत जरा ओसरल्यावर बाप म्हणाला, “पानी पायजे.” एवढ्या वर्षांत त्या अंगणात त्यानं पहिल्यांदा पाणी मागितलं होतं. अंबूबाई तांब्या घेऊन आली आणि सवयीनं तिनं तो वर धरला. बापानं ओंजळ केली नाही. तो हात खाली सोडून उभा राहिला. घरातली सगळी माणसं बघत होती. मग तिनं तांब्या खाली घेतला आणि त्याच्या हातात दिला.

बाईची आई मेली आणि ह्याला तांब्याचं पडलंय, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. बाप तिथंच उभा राहून सगळा तांब्या प्याला.

पहाटे पाऊस थांबला, ओढा उतरला. कुठून ओलांडायचा ते बापानंच दाखवलं. मानसिंग सांगावा घेऊन गेलाय, म्हणून पाटलांनी तोवर माती थांबवली होती. दुपारी अंबूबाईनं आईचं तोंड पाहिलं. बाजीराव पाटील बापाशी त्यावर एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंतही नाही. गावानं मात्र गोष्ट आपल्या सोयीनं रचली, की ज्ञानूनं सांगावा नेलाच. ती कानावर आली, की बाप एवढंच म्हणायचा, “न्हाई. म्या मानूस नेला.” मानसिंगचा पाय कायमचा वाकडा राहिला. पुढं तो अधूनमधून वस्तीत येऊन बापाजवळ बसू लागला. त्याच्याबरोबर काठी टेकत बाप दोनदा डोंगरात गेला आणि त्यानं त्याला सगळ्या वाटा दाखवल्या.

सत्त्याहत्तरच्या माघात एका पहाटे बाप गेला. मी भोरहून आदल्याच दिवशी आले होते. बापाची एकच बहीण, सरूआत्या, तीही भुतोंड्याच्याच बाजूला दिलेली. एस. टी.नं जायचं तर भोरचा वळसा, आणि पोचायला दुसरा दिवस. वस्तीतली तरणी पोरं पुण्याला कामाला होती, उरली होती ती म्हातारी माणसं. मी पदर खोचून निघायच्या बेतात होते, तेवढ्यात मानसिंग अंगणात आला.

“सरूआक्काला सांगाया कोन गेलंय?”

“अजून कोणी नाही.”

“म्या जातो.”

माझ्या मनात आलं, नको म्हणावं. त्याचा पाय तसा, आणि खिंडीनं गेलं तरी चार कोस. खरं सांगायचं तर पाय हे निमित्त होतं. पाटलाच्या पोराच्या हाती आमचं मरण द्यायला माझं मन घेईना. तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “वाट त्यांनीच दावलीया मला.”

मी म्हटलं, “जा.”

आम्ही बापाला अंगणात ठेवून वाट बघत बसलो. ऊन कलायच्या सुमारास सरूआत्या धावतच आली आणि भावाच्या छातीवर पडली. तिनं तोंड पाहिलं. मानसिंग तिच्यामागून बऱ्याच वेळानं आला, धुळीनं माखलेला, वाकडा पाय ओढत. तो अंगणाच्या कडेला थांबला, जिथं बाप जन्मभर दुसऱ्यांच्या अंगणांत थांबत आला होता.

“पानी दे गं, बाई,” तो म्हणाला.

मी घरातला तांब्या भरून आणला आणि त्याच्या हातात दिला.