तीनशे चारावं पान

आमच्या जळगावातल्या बाइंडरला पुस्तक दिलं की तो आधी कण्यावर अंगठा फिरवतो, मग पानं मोजतो. वाचतो फक्त शेवटचं पान. माझ्या बायकोने मराठीत आणलेल्या जपानी कादंबरीच्या तीनशे प्रती त्याच्याकडे बांधायला होत्या. रविवारी प्रकाशन होतं आणि गुरुवारी त्याने काम थांबवलं.

“भाऊ, पान कमी शे. बाई टेशनवर उभी शे, गाडी येल नही. गोष्ट आठेच कशी सरी?”

मी स्वतः दोनदा मोजली होती. पानं पुरी तीनशे चार होती आणि कादंबरी तिथेच संपते, हेही मी सांगितलं. त्याला पटेना. शेवटी बायकोने उजवीकडून उघडणारं मूळ जपानी पुस्तक नेलं. एक अक्षर कळत नसताना त्याने त्याची शिलाई तपासली, फाटलेल्या पानाची कड शोधली.

“नही अक्का, काहीच फाडेल नही,” म्हणाला आणि कामाला लागला.

प्रकाशनाच्या दिवशी एका वाचकाने शेवट चाळून बायकोला विचारलं, “यातलं पान गळलंय का?”

मागच्या रांगेतून बाइंडरच उठला. “गळेल नही. जपानमधलीबी शिलाई मी पाहेल शे. लेखिकाच आठे थांबनी.”